खिंडीचं गेट बंद होण्याआधी

२ ऑक्टोबर
खालचं गेट, तंबूची जागा ४०

ताई,

साष्टांग नमस्कार घालायला गाडीत जागा नाही, तेव्हा बसल्या जागेवरून मान लववते, ती गोड मानून घे.

फ्रिजवर चिठ्ठी चिकटवून निघाले म्हणून तू चिडली असशील. पण तोंडावर सांगितलं असतं तर स्वेटर घेतलास का, टॉर्च घेतलीस का, असं करत तू मला दारातच संध्याकाळपर्यंत उभं केलं असतंस आणि माझं निघणं राहून गेलं असतं. म्हणून पहाटे सटकले.

तारखा मला पाठ आहेत. चोवीसला माझी शेवटची तपासणी, तीसला ऑपरेशन. तीसला माझी एक किडनी तुझ्या पोटात जाणार आणि मग डॉक्टर मला कित्येक आठवडे पाण्याची बादलीही उचलू देणार नाहीत. त्याआधी दहा दिवस हातपाय मोकळे करते आणि बारा तारखेला घरी येते. एवढंच आहे, उगाच त्यात काही शोधत बसू नकोस.

याला राष्ट्रीय उद्यान म्हणतात म्हणून मी आपली बाकं, कारंजी आणि घसरगुंडी डोळ्यांसमोर आणली होती. इथे नुसते डोंगर आहेत, एकावर एक चढलेले, आणि त्यांच्या अंगावरची झाडं हळदीसारखी पिवळी झालीत. मधून एकच रस्ता जातो. खालच्या गेटातून शिरायचं, वाटेत तळ्याकाठचा तळ लागतो, आणि अगदी वर खिंडीचं गेट. खिंड ओलांडून पलीकडे उतरलं की दुसराच मुलूख. तेवीस तारखेला खिंडीचं गेट बर्फामुळे बंद करतात, ते एकदम वसंतात उघडतात.

फोन गेटातून आत शिरल्या शिरल्या मुका झाला. पण टपालाची गाडी रोज एकदा वर जाते, एकदा खाली येते आणि प्रत्येक तळावर थांबते. पाकिटावर माझ्या गाडीचा नंबर घाल, पत्र मला शोधत येईल. डायलिसिसच्या चार तासांत तू नाहीतरी छताचे चौकोनच मोजत असतेस, त्यापेक्षा लिही.

आज तंबू दोनदा उभारला आणि दोनदा काढला. पहिली जागा उतारावर होती. दुसरीच्या शेजारचे लोक फार हसत होते. आता गाडीतच पथारी पसरलीय. चाळीस मजल्यांवरून दोराला लटकून काचा पुसणारी मी, आणि मला चार खुंट्या धड ठोकता येत नाहीत, हे आमच्या मुकादमांना कळू देऊ नकोस.

तुझी,
माकड

५ ऑक्टोबर
डायलिसिस वॉर्ड, तिसरी खुर्ची

माकडे,

चिडले नाही. चिठ्ठी तीनदा वाचली आणि तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गिऱ्हाइकाची मापं लिहिली. कागद वाया घालवायची आपल्या घरात पद्धत नाही.

डावा हात मशीनला जोडलेला आहे आणि कागद मांडीवर सरकतोय, तेव्हा अक्षर वेडंवाकडं आलं तर मशीनला बोल लाव. समोरच्या खुर्चीवरच्या बाईंनी विचारलं, "धाकटी दिसत नाही आज?" म्हटलं, डोंगरात गेलीय. त्यांनी जी भुवई वर चढवली ती अजून खाली आलेली नाही. नर्स मात्र चांगलं बोलली. म्हणाली, "जाऊ द्या हो. आईच्या मायेनं वाढवलंत तिला, आता ती तुमचे पांग फेडतेय. दहा दिवस फिरली तर काय बिघडलं?" ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! सगळ्या वॉर्डात तुझं नाव झालंय.

दुकान चालू आहे. परवा एक गृहस्थ पँट घेऊन आले, दोन बोटं आखूड करा म्हणाले. मी तीन बोटं केली. त्यांच्या चालण्यावरूनच दिसत होतं की दोन बोटांनी भागणार नाही. न्यायला आले तेव्हा खूप कुरकुरले, मग घालून पाहिली आणि गप्प झाले. अठरा वर्षं लोकांचे कपडे लहानमोठे करतेय, माझं माप डोळ्यांत आहे. माणसांना विचारत बसलं तर ती हमखास चुकीचं सांगतात.

पाणी दिवसाला पाऊण लिटर, त्यात चहाही आला. बाकी वेळ बर्फाचा खडा चघळते. तुझ्याकडे ओढेबिढे असतील ना? त्यांच्याबद्दल काही लिहू नकोस. बरं, थोडंसं लिही.

आणि पुन्हा एकदा सांगते. नको असेल तर नको म्हण. मी शब्दानं बोलणार नाही. माझं बरं चाललंय. आठवड्यातून तीन दिवस खुर्चीत पाय पसरून बसायला कुणाला मिळतं?

स्वेटर घेतलास का?

ताई

९ ऑक्टोबर
तळ्याकाठचा तळ

ताई,

स्वेटर घेतलाय. बाकी सगळं विसरले.

ओढ्यांचं थोडंसं लिहिते. पाणी आहे आणि भरपूर आहे. झोपल्यावर कानाशी चालू, उठल्यावर कानाशी चालू. तुझ्याकरता मीही पाऊण लिटरच पिते असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. मी ओंजळी भरभरून पिते आणि मग मला कसंतरीच होतं.

जागा चौथ्यांदा बदलली. शेजारच्या तंबूत एक म्हातारं जोडपं आहे. त्यातले आजोबा काल म्हणाले, "मुली, तू इथे राहायला आलीयस की भाड्यानं खोली बघायला?" त्यांचं खरं आहे. माझा पाय ठरत नाही. पुस्तक उघडते, मिटते. चहा ठेवते आणि तो उकळायच्या आत फिरायला निघते. अन्न ठेवायला इथे लोखंडी पेट्या आहेत, अस्वल येतं म्हणून. मी ती पेटी दिवसातून दहा वेळा उघडून बघते, जसं काही अस्वल आत बसलंय.

रोज सकाळी गाडी काढून खिंडीच्या गेटपर्यंत जाते. दोन तास वर, दोन तास खाली. तिथले कारकून आता मला ओळखायला लागलेत. टपाल वाटणं, पावत्या फाडणं, फाटक उघडणं, सगळं तेच करतात. "आज पलीकडे का?" असं विचारतात. मी नाही म्हणते आणि गाडी वळवते.

त्या नर्सला सांग की मी काही फेडत नाहीये. मी नऊ वर्षांची असताना आईबाबा गेले आणि तू एकोणिसाव्या वर्षी शिलाई मशीनवर बसलीस, हे मला ठाऊक आहे. माझं लक्ष नसेल तेव्हा कुणीतरी आठवण करून देतंच. वाण्यानं दिली, शाळेतल्या बाईंनी दिली, आता हॉस्पिटलात देतात. उगाच तापले बघ. सोड.

बाराला यायचं जमत नाहीसं दिसतंय. अठराला येते. चोवीसच्या आत आले म्हणजे झालं ना? हवा चांगली आहे, झाडांची पानं रोज थोडी थोडी गळतायत, सगळी गळून झाली की निघते म्हण हवं तर.

दोर आणलेत बरोबर. गाडीत मागे पडलेत. अजून बाहेर काढलेले नाहीत.

माकड

१४ ऑक्टोबर
डायलिसिस वॉर्ड

माकडे,

आज अक्षर बघ कसं सुरेख आलंय!

काल तुझे मुकादम दुकानात आले होते. चार ओव्हरॉल घेऊन. तीन जणांच्या चेन बदलायच्या होत्या. चौथा त्यांनी वेगळा काढून ठेवला आणि म्हणाले, "हा जरा सैल करून दुसऱ्या कुणाला होईल का, बघता?" मी उलगडला तर आत कॉलरवर मीच टाचलेला तुझा नंबर.

म्हटलं, "हा आमच्या माकडाचा आहे. ती जानेवारीत परत येणार आहे कामावर."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "तिनं सांगितलं नाही तुम्हाला? कंपनीच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय. एक किडनी असलेल्या माणसाला दोरावर चढवणार नाहीत. पट्टा नेमका तिथेच आवळतो ना. तिला ऑफिसात घेणार आहेत, फोनवर."

"कधी कळलं तिला?"

"एक तारखेला. मीच कागद दिला. तिनं तो घडी करून खिशात घातला. दोर गाडीत टाकले आणि गेली."

म्हणजे एकला कळलं आणि दोनला पहाटे तू फ्रिजवर चिठ्ठी लावलीस. हातपाय मोकळे करायला!

तू आणि फोनवर! शाळेत तुला चाळीस मिनिटं बाकावर बसवायला मास्तरांच्या नाकी नऊ यायचे. पहिल्यांदा दोरावरून उतरलीस त्या दिवशी घरी येऊन जेवली नाहीस, नुसती बोलत होतीस, ढग खालून कसा आला आणि काचेत कसा दिसला. मी सगळं विसरेन, पण तो चेहरा विसरणार नाही. माझ्या पोटासाठी तो चेहरा टेबलाखुर्चीत कोंबायचा होय? मी इतकी काही लोभी नाही.

आज इथे आल्याबरोबर ऑपरेशनचं सगळं बघणाऱ्या बाईंना गाठलं आणि सांगितलं, तीस तारीख रद्द करा, मला बहिणीची किडनी नको. त्यांनी कारण विचारलं. म्हटलं, माझं माप चुकलं. त्यांनी दोनदा समजावलं आणि मग कागदावर सही घेतली. यादीत माझं नाव आहेच, कुणाची तरी मिळेल.

मुकादमांचा ओव्हरॉल तसाच परत दिला. म्हटलं, जिचा आहे तिलाच तो होतो.

आता निवांत फीर. चोवीसचं ओझं डोक्यावर घेऊ नकोस. झालं, विषय संपला.

ताई

१५ ऑक्टोबर
तळ्याकाठचा तळ

ताई,

हे पत्र मी टपालात टाकायच्या आधी फाडलं नाही, तर तुला मिळेल.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवली. ऑपरेशननंतर मला दोरावर घेणार नाहीत. कंपनीच्या डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय. एक तारखेला कळलं. तुला सांगितलं असतं तर तू लगेच काहीतरी करून बसली असतीस, म्हणून गप्प राहिले.

दुसरी गोष्ट अजून वाईट आहे. अकरा तारखेला खिंडीच्या गेटवर कारकुनांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "आज पलीकडे का?" आणि मी हो म्हटलं. त्यांनी फाटक उघडलं आणि मी उतरले. पलीकडे एक मोठं शहर आहे, उंच इमारतींचं. तिथे काचा पुसणारी एक कंपनी शोधून काढली. त्यांनी मला एकदा दोरावर चढवून बघितलं आणि म्हणाले, कधीपासून येताय? मी म्हटलं, लवकरच. खोली बघितली. बिछान्यावर नवी चादर घातली.

ताई, मी पळाले होते. दोन्ही किडन्या घेऊन. हे तुला माहीत असायला हवं, कारण उद्या सगळे मला देवी करून ठेवतील आणि तूही त्यांच्यात असशील.

परत का आले ते नीट सांगता येत नाही. माया उचंबळून वगैरे आली नाही. तीन दिवस त्या खोलीत येरझाऱ्या घातल्या. चौथ्या दिवशी सकाळी गाडीत बसले आणि गाडी खिंडीकडे निघाली. वळवणारी मीच होते, पण मला कुणी विचारलं असतं तर मी भांडले असते.

तर येतेय. चिडलेलीच येतेय. कंपनीच्या डॉक्टरवर, त्या नर्सवर, तुझ्यावर, माझ्या जुळणाऱ्या रक्तावर. अठराला पोचते. रागावलेल्या माणसाची किडनी चालत असेल ना?

काल दोर बाहेर काढले आणि तळ्यामागच्या कड्यावरून एकदा खाली उतरले. पुसायला काच नव्हती. हात तसेच हलत होते.

माकड

१७ ऑक्टोबर
खिंडीचं गेट, तंबूची जागा १४

ताई,

निघायच्या तयारीत होते आणि तुझं चौदाचं पत्र आलं. सामान भरलेली गाडी घेऊन मी खाली यायच्या ऐवजी वर आले, इतकं डोकं फिरलंय.

तू मला विचारलंस?

मी नऊ वर्षांची असताना माझे केस कापलेस, न विचारता. शाळा संपल्यावर टायपिंगच्या वर्गात नाव घातलंस, न विचारता. माझा एकुलता एक लांब कोट गुडघ्यापर्यंत आखूड केलास, कारण तुझ्या डोळ्यांतल्या मापाला तो लांब दिसला. ते सगळं चाललं. आता माझ्या पोटातली किडनी तू मला न विचारता परत केलीस. आणि वर लिहितेस, विषय संपला!

मुकादमांना बोल लावत नाही. ते साधे आहेत. तू साधी नाहीस.

आता खरं ते ऐक. ही किडनी द्यायची ठरली तेव्हाही मला कुणी विचारलं नव्हतं. रक्त तपासलं, जुळलं, डॉक्टर म्हणाले, "अभिनंदन!" आणि ठरलं. तू तेवढं "नको असेल तर नको म्हण" म्हणालीस. तो काय प्रश्न झाला? तू समोर बसलेली, तोंड फिकं, हातावर सुयांची चाळणी, आणि मी नको म्हणू? नको म्हणावं तर मी राक्षसीण. आणि हो म्हणायला तू जागाच ठेवली नाहीस, कारण तू मागितलंच नाहीस. न मागितलेली वस्तू कशी द्यायची, हे मला कुणी शिकवलेलं नाही. म्हणून सगळ्यांना ते फेडणं वाटतं. मलाही वाटायला लागलं होतं.

तू कधी कुणाकडे काही मागितलेलं मी पाहिलेलं नाही. साखर संपली तर आपण बिनसाखरेचा चहा प्यायलोय, पण शेजारी वाटी गेली नाही. काय हवं, विचारलं की तुझं ठरलेलं, "काही नको, आमचं बरं आहे." मोठी मानी आहेस, माहीत आहे मला. पण ताई, हा मान मला फार महाग पडतोय.

तेव्हा आता असं. मी खिंडीच्या गेटवर तंबू ठोकून बसलेय. तेवीसला दुपारी चार वाजता गेट बंद होतं आणि मला एका बाजूला उतरावंच लागतं. तोवर तुझं पत्र आलं आणि त्यात तू माझ्याकडे मागितलंस, सरळ, साध्या शब्दांत, तर मी खाली येते. "बघ, तुला जमलं तर" आलं, किंवा "माझं बरं आहे" आलं, तर मी पलीकडे जाते. तिकडे माझी जागा अजून धरून ठेवलीय. मी थट्टा करत नाहीये.

कारकुनांच्या खोलीत फोन आहे. तो करू नकोस. फोनवर तू "बरंय, ठेवते" म्हणतेस आणि ठेवतेस. लिहून माग.

माकड

२१ ऑक्टोबर
दुकान

माकडे,

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी हातात पडली. हे माझं चौथं उत्तर. आधीच्या तिन्हींच्या चिंध्या मशीनखाली पडल्यात. पहिल्यात मी तुला झाडलं होतं, मोठ्या बहिणीला अटी घालतेस म्हणून. दुसऱ्यात टायपिंगच्या वर्गाचं समर्थन होतं. तिसरं चांगलं जमलं असं वाटलं, पण वाचून पाहिलं तर दोन पानं भरली होती आणि मागणं कुठेच नव्हतं. किती अवघड आहे गं हे! सुईत दोरा ओवायला बसावं आणि भोकच सापडू नये, तसं चाललंय.

आधी खोटं बोलले ते सांगते. दहा तारखेला माझ्या हातातली शीर बंद पडली. आता नळी गळ्याजवळून घातलीय. म्हणून दोन्ही हात मोकळे आणि अक्षर सुरेख. यादीत नाव आहे, पण माझ्या आधी किती जण आहेत असं विचारलं की त्या बाई चष्मा पुसायला लागतात. जिना चढताना मधल्या पायरीवर बसते. दुकान आज चार दिवस बंद आहे. हे पत्र मी बंद दुकानात बसून लिहितेय, कारण घरी फार शांत असतं. माझं बरं चाललेलं नाही.

तू पलीकडे गेली होतीस हे वाचून आधी पत्र मशीनवर उलटं ठेवलं. आणि मग, तुला राग येईल, पण हायसं वाटलं. मला वाटायचं, माझ्यामुळे ही कुठे जातच नाही, बांधल्यासारखी राहते. तुला जाता येतं. नवी चादर घालून राहता येतं. हे मला माहीत नव्हतं.

मानी म्हणालीस. मान नव्हे गं तो. आईबाबा गेल्यावर रोज कुणी ना कुणी घरी यायचं आणि विचारायचं, काही हवं का पोरींना? मी एकदाच हो म्हणाले. घरातलं पीठ संपलं होतं, तेवढं मागितलं. दुसऱ्या दिवशी मामा गाडी घेऊन दारात. म्हणाला, "तुला झेपत नाही, धाकटीला मी नेतो." तू आत झोपली होतीस. त्याला परत पाठवता पाठवता माझी काय गत झाली ते माझं मला माहीत. त्या दिवसापासून काही नको. आमचं बरं आहे. ज्याला काही हवं असतं त्याच्या घरातून माणूस जातं, हे माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. तेव्हा ते खरंही होतं. मग जिभेला वळणच पडलं. तुला हे कधी सांगितलं नाही, कारण मामावर तुझा जीव होता.

तू दोर सोडावेस असं मला वाटत नाही. त्याच्या बदल्यात तुला देण्यासारखं माझ्याकडे काही नाही. तू ऑफिसात बसून कुढशील, माझ्यावर खेकसशील, एखाद्या दिवशी तोंडावर म्हणशील की तुझ्यामुळे झालं. तसं म्हटलंस तर मी ऐकून घेईन. कपडा चुकला तर उसवता येतो, हे उसवता येणार नाही. हे सगळं कळतंय, आणि कळत असून मागतेय.

मला जगायचं आहे. अजून खूप जगायचं आहे. मला तांब्याभर पाणी एका दमात प्यायचं आहे. सकाळी दुकानाचं शटर स्वतःच्या हातानं वर ढकलायचं आहे. मला तुझ्याशी भांडायचं आहे, साठ वर्षांची होईपर्यंत. माझी मुदत संपत आलीय आणि मला भीती वाटते. मला तुझी किडनी हवी आहे. मी तुला वाढवल्याचं तू काही देणं लागत नाहीस. मी तुझ्याकडे फुकट मागतेय. माकडे, दे. मला दे.

आज सकाळी त्या बाईंकडे जाऊन सही मागे घेतली. तीस तारीख त्यांनी अजून कुणाला दिलेली नव्हती. चोवीसच्या संध्याकाळपर्यंत थांबते म्हणाल्या. मी त्यांच्यासमोर रडले. त्यांनी पाणी पुढे केलं आणि मग जीभ चावून ग्लास मागे घेतला, तेव्हा दोघीही हसलो.

तू आली नाहीस तर

पुढचं खोडलंय. ते पुन्हा "माझं बरं आहे"कडेच चाललं होतं.

ये.

ताई

२३ ऑक्टोबर
खिंडीचं गेट, टपाल खिडकी

महोदया,

आपलं पत्र आज सकाळच्या गाडीनं येथे आलं व जागा १४ वरील बाईंना समक्ष दिलं. गेले चार दिवस त्या गाडीच्या वेळेआधी तासभर खिडकीशी येऊन उभ्या राहत असत, त्यामुळे शोधावं लागलं नाही. त्यांनी ते पायरीवर उभ्यानंच वाचलं. दोनदा वाचलं असावं, कारण वेळ बराच लागला. मी फाटकाच्या किल्ल्या घेऊन बाहेर आलो, तोवर त्या गाडीत बसल्या होत्या.

गाडी खालच्या बाजूला गेली. या रस्त्यावर वेगाची मर्यादा ताशी तीस आहे. ती त्यांनी पाळली नाही. मी तशी नोंद केलेली नाही.

आज चार वाजता गेट बंद करून आम्ही सर्व जण खाली उतरत आहोत. बाईंचा तंबू, एक खुर्ची, दोरांची दोन वेटोळी आणि गॅसवर ठेवलेला चहा असं सर्व जागा १४ वर तसंच राहिलं आहे. चहा मी उतरवला. बाकी सामान कोणत्या पत्त्यावर पाठवायचं, ते कळवावं.

आपला,
कारकून